समुद्र लवकरच येत आहे

४ मार्च, बुधवार

नदी बंद होणार.

दुपारच्या सुट्टीत गच्चीवर खेळ उघडला, तर पाण्याच्या मधोमध पाटी तरंगत होती. ‘प्रिय नावाड्यांनो, ३ एप्रिलला दुपारी तीन वाजता लांबनदीचा प्रवास संपेल. इतक्या वर्षांच्या प्रेमाबद्दल आभार.’ आणि तिच्या खाली, चुकून बोट लागेल इतक्या जवळ, ‘सोनेरी शीड, आज अर्ध्या किमतीत.’ माणूस गेल्याची बातमी सांगायची आणि त्याच दमात त्याच्या चपला विकायला काढायच्या, तसं.

वही लाँड्रीच्या मालकांच्या कपाटातून उचलली. आतल्या रकान्यांत चादरी, अभ्रे, टॉवेल असं छापलंय. मी चादरींच्या रकान्यातून सुरुवात करून टॉवेलांपर्यंत आडवं लिहितेय. नदी बंद झाली की तिच्यातलं काहीच उरणार नाही, म्हणून लिहून ठेवायचं. माझं काही सलग होत नाही, हे मला माहीत आहे. बघू.

लांबनदी हा फोनवरचा खेळ. एक नदी, आपली एक होडी, होडीत कंदील. काठावरच्या गावांना दिवे पोचवत खाली जायचं. जिंकायचं नाही, हरायचं नाही. नदी शेवटी समुद्राला मिळते. म्हणजे मिळणार होती. समुद्र अजून बांधलेलाच नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीने ‘समुद्र पास’ विकायला काढला तेव्हा पहिल्याच दिवशी घेतला मी, आई-बाबांकडे असतानाच. तेव्हापासून नदीच्या टोकाला धुकं आहे आणि धुक्यात पाटी: ‘समुद्र लवकरच येत आहे.’ म्हणतात असं, मी अजून तिथवर गेलेले नाही. वाटेत दुसरं काहीतरी दिसतं आणि मी तिकडे वळते.

५ मार्च

काल खरं तर पाहुण्याबद्दल लिहायचं होतं, वहीवरच घसरले.

जो पैसे भरत नाही त्याला नदीत नाव मिळत नाही. तो नुसता ‘पाहुणा’ आणि पुढे आकडा. त्याला बोलताही येत नाही, बोलायला ‘वाणी पास’ लागतो. फुकटवाल्यांना पाच तयार वाक्यं दिलेली आहेत: चला, थांबा, मागे या, धोका, धन्यवाद. त्यांत संसार करायचा. भोंगा आहे, पण दहा वेळा वाजवला की त्याचा दम जातो. मग अर्ध्या मिनिटाची जाहिरात बघावी, तेव्हा परत वाजतो.

पाहुणा ४१७ दीड वर्ष माझ्यासोबत आहे. पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याची होडी एका जागी गरगर फिरत होती. मी लिहिलं, “अहो, वल्हं एकाच बाजूला मारताय.” तो म्हणाला, “धन्यवाद.” आणि काठावर जाऊन आपटला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता परत तिथेच. तिसऱ्या दिवशीही. मग आम्ही बरोबरच जायला लागलो.

विक्षिप्त आहे जरा. प्रत्येक वळणाआधी दोनदा भोंगा वाजवतो. मी किती वेळा लिहिलं, “पाहुणे, नदीत समोरून कोण येणार आहे? उगाच भोंग्याचा दम घालवता.” की त्याचं उत्तर, “धोका.” आणि काठाला लागलो की सगळ्यांच्या होड्या गव्हाणीत तोंड घातल्यासारख्या उभ्या, याची एकट्याची उलटी. पाच मिनिटं खटपट करून वळवतो आणि पाण्याकडे तोंड करून लावतो. विचारलं, कशाला हे? तर, “चला.”

मागे मला ताप आला होता, चार दिवस गेलेच नाही. पाचव्या दिवशी पाहिलं तर त्याच घाटावर त्याची होडी, कंदील जळत. कंदिलाचं तेल तीन तासांत संपतं. म्हणजे येऊन येऊन भरत असणार.

कोण आहे काय माहीत. तीन एप्रिलनंतर हा कुठे सापडणार मला?

९ मार्च

आज चारशे चादरी. हॉटेलांच्या. धुलाई खाली यंत्रात, वाळवण वर गच्चीवर. घडी दोघींनी घालायची: माझ्या जोडीला कामावरची मावशी असते, ती दोन कोपरे धरते, मी दोन, मग चालत एकमेकींजवळ जायचं, कोपऱ्याला कोपरा द्यायचा, परत मागे. चारशे वेळा भेटायचं आणि चारशे वेळा लांब जायचं. शंभराव्या चादरीनंतर मला वाटतं मी वल्हवतेय. वाऱ्याने सगळी गच्ची फुगते, मावशी दिसेनाशी होते, आणि पांढऱ्यातून तिचा आवाज तेवढा येतो, “अगं ए, धर की नीट! स्वप्नं बघायची तर उशांच्या अभ्र्यांवर बघ, ते लहान असतात.”

इस्त्रीच्या यंत्रावर चष्मिस असतो. तोही नदीवरचा, फार जुना. बातमी आल्यापासून तो इस्त्रीपेक्षा गरम आहे.

“आपण विकत घेतलंय असं वाटतं ना तुला? काही विकत नसतं घेतलेलं. त्यांच्या अंगणात उभं राहायचं भाडं भरतो आपण. आणि अंगणाला फाटक कधी लावायचं ते ते ठरवणार.”

मावशी म्हणाली, “पण मी म्हणते, पाण्यावर चित्रातली होडी, तिला सोन्याचं शीड घेणाऱ्याला आधी दोन द्याव्यात.”

चष्मिसने पुढची चादर यंत्रात सारली. त्याच्याकडे तीन सोनेरी शिडं आहेत.

१२ मार्च

आईचा फोन आला, ताईच्या मोबाईलवरून. बाबा घरात असले की ती गॅलरीत येऊन बोलते.

“केस वाढवलेस?”

“कापले.”

“परत? आणि काम तेच आहे का बदललंस?”

“तेच.”

“अगं बाई. चार महिने झाले की!” मग म्हणाली, “तो कोपऱ्यातला जुना फोन काढून टाकू म्हटलं. वर्षात एकदा वाजला नाही, नुसती धूळ. तर हे म्हणतात, राहू दे. का म्हणून विचारलं की उत्तर देणारा माणूस आहे का तो? जन्मभर पाच वाक्यं आलटून पालटून वापरली.”

आम्ही दोघी हसलो.

“आणि दुपारचे दोन वाजले की दार लोटून झोपतात आता. झोपायला चष्मा कशाला लागतो देव जाणे.”

बाबा बस चालवायचे. मी घर सोडलं आणि चार महिन्यांनी ते निवृत्त झाले. सोडलं म्हणजे, आधी कॉलेज सोडलं दुसऱ्या वर्षी, मग फुलांच्या दुकानातलं काम, मग शिवणाचा क्लास, मग घर. त्या दिवशी बाबा म्हणाले होते, “दर वेळी अर्ध्या वाटेत उतरतेस. तिकीट तरी कुठवरचं काढू तुझं?” मी म्हणाले, “जन्मभर एकाच रस्त्यावरून गेलात-आलात. तुम्हाला काय कळणार?” मी बॅग घेऊन दाराशी आले तर माझ्या चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून नीट ठेवलेल्या. सगळ्यांच्याच चपला ते तशा लावतात. मला त्या दिवशी वाटलं, हाकलतायत.

त्यानंतर आम्ही बोललो नाही.

त्या जुन्या फोनवरून आठवलं. सहा वर्षांची असताना मी बाजारात हरवले होते. फुग्यामागे गेले होते, दुसरं काय. भांडीवाल्याने काउंटरवर बसवलं आणि विचारलं, घर कुठे? मी गाऊनच दाखवलं. बाबांनी नंबर गाण्यात बसवून दिला होता, तो पाठ झाल्याशिवाय ते बसमध्ये पुढच्या सीटवर बसू द्यायचे नाहीत. ‘दोन-चार-चार, उघडा की दार. शून्य-सात-एक, बाबांची लेक.’ शेवटच्या दोन आकड्यांना यमक सापडलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, ते नुसतेच पाठ कर.

१६ मार्च

मला वाटतं चष्मिसच पाहुणा आहे! दुसरं खातं काढून माझी मजा बघत असेल. दोनला जेवायला जातो म्हणतो आणि गायब होतो. भोंग्यासारखाच नाकातून हसतोही.

१७ मार्च

नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी पाहुणा माझ्या शेजारी नदीत होता आणि चष्मिस समोर जिन्यात बसून डबा खात होता. मी त्याच्या डब्यात डोकावून खात्री केली. तो म्हणाला, “भूक लागली असेल तर सरळ माग ना.”

२१ मार्च

घेराव झाला. चष्मिसने आणि जुन्या नावाड्यांनी ठरवलं होतं: नदीत दुकानाची एक भली मोठी होडी फिरत असते, तिला सगळ्यांनी वेढायचं, कोणालाच काही विकत घेता येऊ द्यायचं नाही. समुद्र पासाचं काय झालं ते सांगा, निदान नदी आमच्या फोनवर राहू द्या, एवढंच मागणं. हजारो होड्या आल्या. धुक्यात हजारो कंदील, आणि कोणी काही बोलत नव्हतं. मी चादरींमध्ये उभी, हातात तो सोनेरी चौकोन. इतकं सुंदर मी दुसरं काही पाहिलेलं नाही. भांडण करायला आलोय हे विसरायलाच झालं.

पाहुणाही आला. सगळ्यांच्या होड्या दुकानाकडे तोंड करून, याची एकट्याची उलटी.

“पाहुणे, पळायच्या तयारीत आलात का?”

“मागे या,” तो म्हणाला. गर्दी फुटली तेव्हा त्याच्याच मागून मी सुटले, बाकीचे तासभर एकमेकांत अडकून बसले.

संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं. ‘तुमचं प्रेम पाहून आम्ही भारावलो आहोत.’ आणि आजपासून ‘निरोप कंदील’ विक्रीला. निळा. चष्मिसने भिंतीवर डोकं टेकवलं. मावशी म्हणाली, “इस्त्री बंद कर आधी, चादर जळतेय.”

२४ मार्च

आज धीर केला. सरळ लिहिलं:

“पाहुणे, नदी संपल्यावर मला तुम्ही सापडणार नाही. तुमचा फोन नंबर द्या. तुम्हाला बोलता येत नाही, तर भोंग्याने द्या. जेवढा आकडा तेवढे भोंगे. शून्य आला तर ‘थांबा’ म्हणा.”

त्याची होडी थांबली. पाणी संथ होतं, त्याचा कंदील पाण्यात उलटा दिसत होता. किती तरी वेळाने तो म्हणाला, “थांबा.”

मला वाटलं शून्यापासून सुरू होतोय नंबर. वाट पाहिली. पुढे काही नाही. मग तो वल्हवायला लागला.

म्हणजे नाही म्हणाला. बरोबर आहे म्हणा. कोण कुठली मी.

संध्याकाळच्या सगळ्या घड्या वाकड्या. मावशी म्हणाली, “कोणी नाही म्हटलं वाटतं.” तिला कसं कळतं सगळं?

२५ मार्च

‘सर्वांच्या सुरक्षिततेसाठी’ वाणी पास आजपासून बंद. घेरावाची शिक्षा. ज्यांनी पैसे भरले तेही आता पाच वाक्यांवर. म्हणजे काल लिहिलं ते माझं पाहुण्याशी शेवटचं बोलणं. नशीब तरी बघा, शेवटचं बोलणं आणि त्यात मी नंबर मागत होते.

ताईचा फोन आला. म्हणाली, “काय गं, होडी कुठवर आली?”

“अजून दोन गावं आहेत. पण मी तुला कधी सांगितलं नदीचं?”

“सांगितलं असशील,” ती म्हणाली. “रागावू नको गं कोणावर. काही माणसांना वेळ लागतो.”

सांगितलं असेन. मी बडबडते फार.

२९ मार्च

आज नदीत धुकं फार. दोन्ही काठ दिसत नव्हते. मी पुढे, पाहुणा मागे. कुठे वळण आहे ते मला दिसायचं नाही, मागून दोन भोंगे आले की कळायचं आणि मी वल्हं आवरायची. दीड वर्ष त्याला हसले त्यावरून.

पण हा नदीचा भाग तर त्यानेही पाहिलेला नाही. मग त्याला वळण आधी कसं कळत होतं? पाण्याचा रंग बघत असेल. की वाटेवर जन्म काढलेल्या माणसाला अंगानेच कळतं?

वाटेत डावीकडे एक फाटा गेला, आत कुठेतरी निळे दिवे लुकलुकत होते. एरवी मी गेलेच असते. फाट्याशी थांबले. पाहुणाही थांबला. ‘चला’ नाही, ‘मागे या’ नाही. मी कुठे जाते याची वाट बघत नुसता मागे उभा. कसा कोण जाणे, मला तो फाटा नकोसा झाला. सरळ गेले. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट सरळ टोकाला नेतेय, तर तिथे समुद्रच नाही. ही माझी तऱ्हा.

मालकांना सांगून टाकलंय की चार तारखेपासून येणार नाही. कुठे जायचं ते ठरवलेलं नाही. नदी नसेल तर त्या गच्चीवर काय करू मी?

२ एप्रिल

पोचलो.

खरंच पाटी आहे. लाकडी, जराशी कललेली. ‘समुद्र लवकरच येत आहे.’ तिच्यामागे नदी सरळ पांढऱ्यात जाते आणि संपते, वही संपते तशी. होडी पुढे न्यावी तर टोक हलकेच कशाला तरी टेकतं आणि मागे येतं. पण आवाज आहे. लाटांचा. समुद्र बांधला नाही, आवाज तेवढा घालून ठेवला होता कोणीतरी. कंपनीत निदान एका माणसाला तरी तो बांधायचा होता असं वाटलं.

पाहुण्याने होडी वळवली आणि पाटीशी लावली, पाण्याकडे तोंड करून. आज मीही तशीच लावली. जमेना, तीनदा आपटले. चौथ्यांदा जमलं.

“धन्यवाद,” पाहुणा म्हणाला.

३ एप्रिल, शुक्रवार

सगळं घडलं तसं लिहिते, कुठेही वळणार नाही.

पावणेदोनला गच्चीवर गेले. मावशी म्हणाली, “जा, आज तुझ्या वाटच्या घड्या चष्मिस घालेल.” चष्मिस वर येणारच नव्हता, म्हणाला मला नाही बघवणार. त्याने माझ्या जागी चादरीचे दोन कोपरे धरले आणि खाली मान घालून उभा राहिला.

दोनला पाहुणा आला. आम्ही पाटीखाली होड्या लावून बसलो. इतर कोणी नव्हतं, बाकीचे वरच्या घाटावर निळे कंदील सोडत होते. अडीच वाजले. लाटांचा आवाज. मी “धन्यवाद” म्हणाले. मला वाटलं, असंच संपणार.

आणि त्याने भोंगा वाजवला. दोनदा.

मी वळण शोधलं. वळण कुठलं तिथे? मग थोडं थांबून चार वेळा. मग पुन्हा चार वेळा. मग त्याच्या होडीवर पाटी आली, ‘जाहिरात पाहत आहे’, तेव्हा माझी ट्यूब पेटली: दहा झाले, दम गेला, नंबर देतोय! माझ्याकडे पेन नव्हतं. हातावर नखाने ओरखडे काढले. दोन, चार, चार. अर्धं मिनिट किती लांब असतं.

जाहिरात संपली. तो म्हणाला, “थांबा.”

शून्य.

दोन-चार-चार, शून्य. माझ्या तोंडात काहीतरी आपोआप यायला लागलं होतं आणि मी ते येऊ देत नव्हते. भोंगा वाजत होता. एक, दोन, तीन, सावकाश, एकेक नीट सुटा, समोरच्याला मोजता यावा असा. सात.

मग एक.

चादरी सगळ्या एकदम फुगल्या आणि खाली बसल्या. वळणाआधीचे दोन भोंगे. निघायच्या तोंडाने लावलेली होडी. दाराशी ठेवलेल्या माझ्या चपला. दुपारी दोन वाजता चष्मा लावून झोपणारा माणूस.

मला काहीतरी म्हणायचं होतं. माझ्याकडे पाच वाक्यं होती आणि त्यांतलं एकही ते नव्हतं. एवढ्यात पडदा पांढरा झाला. तीनला अजून सहा मिनिटं होती. तेवढाही शब्द पाळला नाही त्यांनी. ‘आपला प्रवास संपला आहे. आमचा नवा खेळ आजच घ्या.’

उरलेले दोन आकडे आलेच नाहीत.

नंबर लावला, चुकले नाही. सहा आकडे ओरखड्यांवरून बघायचीही गरज पडली नाही. मग ते दोन, यमक नसलेले.

घंटा अर्धीच वाजली आणि फोन उचलला गेला. पलीकडे श्वास. कोपऱ्यात उभे असणार, चष्मा कपाळावर, दुसऱ्या हातात मोबाईल.

“शेवटचे दोन द्यायचे राहिले,” बाबा म्हणाले.

“पाठ आहेत,” मी म्हणाले.